काडीच्या टोकावरचा सुरमा



पावसाळा संपता संपता आमच्या चौथीच्या वर्गाची सहल बारवी धरणाकडे गेली होती. धरण काठोकाठ भरलेलं, भोवतालचे डोंगर हिरवेगार. डबे खाऊन झाले आणि मुलं इकडेतिकडे पांगली. तेवढ्यात एक मुलगा धावत आला. त्याच्या हातात काळ्या दगडाचा तुकडा होता आणि दगडाच्या पोकळीत बारीक पांढरे खडे चमचम करत होते.

"बाई, हिरा सापडला!"

"हिरा नाही रे तो," मी म्हटलं, "पण आहे मात्र सुंदर. जपून ठेव."

लगेच मागून एका मुलीने विचारलं, "मग बाई, इथे सोनं तरी सापडेल का?"

सगळी मुलं खो खो हसली. मला मात्र हसू आलं नाही, कारण प्रश्न अगदी बरोबर होता. ज्या डोंगरात चमकणारे खडे सापडतात, त्या डोंगरात सोनं का नसावं? "शोधून सांगते," असं मी तिला कबूल केलं. परतताना वाटेतल्या टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाल्या मावशींनी स्टोव्ह पेटवायला काडी ओढली. फर्रर्र आवाज झाला, ज्योत उठली. तेव्हा मला माहीत नव्हतं, की त्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या काडेपेटीत आहे आणि उरलेलं अर्धं पार हिमालयात.

चला तर, दोन्हीकडे जाऊन येऊ.

आपला काळा दगड

बारवीच्या आसपासचे डोंगर बसाल्ट नावाच्या काळ्या दगडाचे आहेत. आपल्या अंबरनाथचं शिवमंदिर पाहिलंय ना? शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधला शिलालेख असलेलं ते देऊळ याच काळ्या दगडाचं आहे. हा दगड कसा तयार झाला? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला मोठमोठ्या भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त लाव्हा बाहेर आला. तो पसरला, थंड झाला, पुन्हा नवा थर आला. असे थरावर थर साचून आपले डोंगर झाले. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपलं आणि पाण्यातल्या विरघळलेल्या द्रव्यांचे स्फटिक तयार झाले. आमच्या मुलाचा 'हिरा' म्हणजे असाच एक स्फटिक!

सोन्याची गोष्ट वेगळी असते. सोनं पुष्कळदा फार जुन्या, दबलेल्या, मुरडलेल्या आणि चिरा पडलेल्या खडकांत मिळतं. आपल्या महाराष्ट्रातही असे खडक आहेत, पण ते पूर्वेला, विदर्भात. नागपूर जिल्ह्यातल्या परसोडी आणि मरुपार या भागांत भूवैज्ञानिकांना सोन्याच्या खुणा सापडल्या आहेत. बारवीला मात्र आपल्या पायाखाली लाव्ह्याचा जाडजूड थर आहे. जुने खडक असतील ते त्याच्या खूप खाली झाकले गेले आहेत.

म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचं छोटं उत्तर असं: नाही, बारवीला सोनं सापडायची आशा धरू नये. पण छोट्या उत्तरावर समाधान मानतील ती मुलं कसली! मग सोनं जिथे असतं तिथे ते येतं कुठून? आणि ते आहे हे कळतं कसं?

काडेपेटीतला पाहुणा

आता ती काडेपेटी आठवा. अंबरनाथला काडेपेटीचं वेगळं सांगायला नको. १९२३ साली स्थापन झालेल्या विमको कंपनीचा काडेपेटीचा मोठा कारखाना इथे होता. कारखाना बंद झाला, पण विमको नाका हे नाव रिक्षावाल्यांच्या तोंडी राहिलं आहे. तुमच्यापैकी कुणाचे आजोबा तिथे कामाला असतील, तर आज त्यांना जरूर विचारा.

१८२७ साली जॉन वॉकर नावाच्या इंग्लंडमधल्या औषधविक्रेत्याने घासून पेटणाऱ्या काड्या विकायला सुरुवात केली. त्याने काडीच्या टोकाला जे मिश्रण लावलं होतं, त्यात एक करड्या रंगाची पूड होती. ती होती अँटिमनी सल्फाइडची. पुढे काडेपेटी पुष्कळ सुधारली, सुरक्षित झाली; तरी काडीच्या गुलात किंवा पेटीच्या घासपट्टीत ही पूड अनेक ठिकाणी वापरली जात राहिली. ती चटकन पेट घेते आणि ज्योत नीट धरून ठेवायला मदत करते.

अँटिमनी सल्फाइड निसर्गात खनिजाच्या रूपात मिळतं. त्या खनिजाचं शास्त्रीय नाव स्टिबनाइट. आपल्याकडचं जुनं नाव तुम्हाला ओळखीचं असेल: सुरमा! पोलादासारख्या करड्या रंगाच्या, सुयांच्या जुडग्यासारख्या दिसणाऱ्या या खनिजाची पूड करून डोळ्यांत घालायची चाल फार जुनी आहे. (मात्र आई-बाबांनो, एक सांगायलाच हवं. बाजारातल्या पुष्कळ सुरम्यात अँटिमनीऐवजी शिशाचं खनिज असतं आणि शिसं मुलांच्या मेंदूला घातक असतं. अँटिमनीसुद्धा विषारीच. तेव्हा लहान मुलांच्या डोळ्यांत सुरमा घालू नका.)

वरच्या वर्गातल्या मुलांनी अँटिमनीची खूण 'एस्‌बी' अशी वाचली असेल. नावात 'ब' कुठेच नाही, मग ही खूण आली कुठून? अँटिमनीच्या लॅटिन नावावरून, 'स्टिबियम'वरून. या मूलद्रव्याचा अणुक्रमांक ५१. दिसायला चांदीसारखं चकचकीत, पण हातोडी मारली तर चुरा होतो. असल्या ठिसूळ धातूचा उपयोग काय, असं वाटेल. तर एकट्याचा फारसा नाही. दुसऱ्याच्या संगतीत मात्र भरपूर. मऊ शिशात थोडं अँटिमनी मिसळलं की शिसं कडक होतं. गाड्यांच्या बॅटरीतल्या शिशाच्या जाळ्या, बंदुकीच्या गोळ्या अशा मिश्रणाच्या करतात. पूर्वी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून पुस्तकं छापत, ते खिळेही शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे असत. हे मिश्रण थंड होताना फारसं आकसत नाही, म्हणून अक्षराची कड रेखीव उठते. तुमच्या आजी-आजोबांनी लहानपणी वाचलेल्या गोष्टींच्या पुस्तकांमागे असे खिळे होते.

आजही अँटिमनीचं काम संपलेलं नाही. विजेच्या वायरीवरचं प्लास्टिक सहजी पेटू नये म्हणून त्यात अँटिमनीचं संयुग घालतात. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या तयार करतानाही ते वापरतात. म्हणूनच भारत सरकारने २०२३ साली देशासाठी अत्यंत महत्त्वाच्या ३० खनिजांची यादी जाहीर केली, तेव्हा तीत अँटिमनीला जागा मिळाली. जगात सर्वांत जास्त अँटिमनी चीनमध्ये निघतं आणि सप्टेंबर २०२४ पासून चीनने त्याच्या निर्यातीवर बंधनं घातली, तेव्हा अनेक देशांची धावपळ उडाली.

सोनं आणि सुरमा: शेजारी शेजारी

आता या सुरम्याचा सोन्याशी संबंध काय, ते पाहू.

तुमच्यापैकी अनेकजण वज्रेश्वरी-गणेशपुरीला गेले असतील. तिथली गरम पाण्याची कुंडं आठवा. जमिनीखाली खोल गेलेलं पाणी तापून वर येतं आणि येताना खडकांतली द्रव्यं विरघळवून आणतं. पृथ्वीच्या पोटात याहून फार खोलवर, फार मोठ्या दाबाखाली असंच गरम पाणी फिरत असतं. दाब असल्यामुळे ते कुकरमधल्या पाण्यासारखं शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळून उडून जात नाही. त्यात सिलिका, गंधक, शिसं, अँटिमनी आणि कणभर सोनंसुद्धा विरघळलेलं असू शकतं. हे पाणी खडकाच्या चिरांतून वर सरकतं. वर येता येता थंड होतं, दाब कमी होतो आणि मग पोटात धरलेलं एकेक द्रव्य चिरेतच सोडून देतं. चिरा भरतात. त्यांनाच खनिजाच्या शिरा म्हणतात. पांढऱ्या गारेच्या शिरेत करड्या सुया सुरम्याच्या, आणि कधी कधी त्यांच्याच सोबतीला सोनं.

न्यूझीलंडमध्ये वायोटापू नावाच्या ठिकाणी एक गरम पाण्याचं कुंड आहे. त्याच्या काठावर नारिंगी रंगाचा थर साचतो. तपासलं तर त्या थरात अँटिमनी, आर्सेनिक आणि थोडं सोनं-चांदीही आढळतं. म्हणजे तिथे खनिजांची ही शेजारवस्ती माणसाच्या डोळ्यांदेखत तयार होते आहे!

भूवैज्ञानिक याच शेजाराचा फायदा घेतात. सोनं असतं चिमूटभर. एक टन दगडात पाच-सात ग्रॅम असलं तरी खाणवाले खूश होतात. एवढंसं सोनं डोळ्यांना कसं दिसणार? मग ते ओढ्यातली माती आणि डोंगरावरचे दगड प्रयोगशाळेत नेऊन त्यांत अँटिमनी आणि आर्सेनिक शोधतात. चोर दिसला नाही तरी पावलांचे ठसे दिसतात, तसं. अर्थात सुरमा आहे तिथे सोनं असतंच असं नाही. पण शोध घ्यावा, एवढी खूण मात्र मिळते.

चंद्रेच्या काठी

भारतात सुरम्याची प्रसिद्ध जागा आहे हिमाचल प्रदेशात, लाहौल-स्पिती जिल्ह्यात. तिथे बडा शिग्री नावाची हिमनदी आहे. शिग्री म्हणजे त्या भागातल्या बोलीत हिमनदी. बडा शिग्री म्हणजे मोठी हिमनदी. नावाप्रमाणेच ती हिमाचलातली सर्वांत मोठी आहे. आपल्या लोकलने कल्याणहून वांगणीपर्यंत जा, जवळजवळ २५ किलोमीटर. त्याहूनही लांब असा हा बर्फाचा पट्टा आहे! तिचं खालचं टोकच समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर उंचीवर. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवले तरी पुरायचे नाहीत.

या हिमनदीचं पाणी चंद्रा नदीत जातं. पुढे तांदी गावाजवळ चंद्रेला भागा नदी मिळते आणि दोघींची होते चंद्रभागा. पंढरपूरच्या आपल्या चंद्रभागेची ही उत्तरेकडची नामबहीण! तिलाच पुढे चिनाब म्हणतात.

आणखी एक गंमत ऐका. १८३६ च्या सुमाराला ही हिमनदी पुढे सरकली आणि तिने चंद्रेचा प्रवाहच अडवला. बर्फाचं धरण झालं, मागे तळं साचलं. पण त्या धरणाला ना दरवाजे, ना पाण्याची पातळी सांगणारं कुणी. पाण्याने शेवटी वाट फोडली आणि खाली पूर आला.

याच हिमनदीशेजारच्या कड्यांत स्टिबनाइटच्या शिरा आहेत. पूर्वी तिथून थोडं खनिज काढलंही गेलं. आज तिथे खाण चालत नाही. का बरं? आपल्याला अँटिमनी हवं आहे, आणि ते आपल्याच देशात आहे. मग काढत का नाहीत?

हिशेब करू या

वही-पेन्सिल घ्या. आपल्या नागपूरला भारतीय खाण ब्युरोचं मुख्य कार्यालय आहे. देशातल्या खनिजांची नोंदवही हे कार्यालय सांभाळतं. या नोंदीनुसार लाहौल-स्पितीत अँटिमनीचं खनिज आहे १०,५८८ टन. वाचून केवढं तरी वाटतं ना? पण पुढची ओळ वाचा: त्यात धातू आहे १७४ टन.

आता भागाकार करा. एक टन दगड फोडला तर धातू निघेल १६ किलोंच्या आसपास. उरलेला जवळजवळ सगळा दगड कुठेतरी टाकावा लागेल. दहा टनी ट्रकने सगळं खनिज खाली आणायचं तर हजाराहून जास्त खेपा. त्यातून धातू भरेल जेमतेम अठरा ट्रक. जगात एका दिवसात याहून जास्त अँटिमनी काढलं जातं.

आता रस्ता पाहा. मनालीहून लाहौलला जायला २०२० साली अटल बोगदा खुला झाला. तो नऊ किलोमीटरचा बोगदा मोठाच आधार आहे. पण चंद्रेच्या काठाने वर जाणारी वाट हिवाळ्यात बर्फाखाली बंद होते. हिमनदी नदीच्या पलीकडच्या तीरावर. वर विरळ हवा, दरडी, सरकता बर्फ. वर्षातले थोडेच महिने काम करता येणार.

म्हणजे मुलांनो, नकाशावर एखाद्या खनिजाचा ठिपका दिसला म्हणून लगेच तो खजिना होत नाही. सोन्याचंही तसंच. कर्नाटकातल्या कोलारच्या खाणीतून शंभराहून अधिक वर्षं सोनं काढलं, तीन किलोमीटरपेक्षा खोल. २००१ साली ती खाण बंद झाली. खाली सोन्याचा कणही उरला नव्हता असं नाही. ते वर आणायचा खर्च सोन्याच्या किमतीला भारी पडू लागला होता.

आणि जे जाईल त्याचं काय?

पण हा हिशेब अजून अपुरा आहे. त्यात एक रकाना राहिला.

अमेरिकेच्या आयडाहो राज्यात दूर डोंगरात एक खाणगाव होतं. नावच स्टिबनाइट! तिथे सोनं आणि अँटिमनी एकत्र मिळतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत निघालेलं बहुतेक अँटिमनी याच गावातून आलं. देशाची मोठी गरज भागली. युद्ध संपलं, पुढे खाण थांबली, लोक गेले आणि गाव ओस पडलं. मागे राहिले टाकाऊ दगडांचे ढीग आणि नदीच्या पात्रातच खणलेला एक खड्डा. सॅमन मासे अंडी घालायला समुद्रातून नदीच्या उगमाकडे पोहत जातात. १९३८ पासून त्या खड्ड्याने त्यांची वाट अडवली. सुरम्याच्या शिरेत आर्सेनिकही असतं. तेही दगडांच्या ढिगांतून पाण्यात उतरत राहिलं. त्या जागी पुन्हा खाण सुरू करावी का, यावर तिथे वर्षानुवर्षं वाद झाले. देशाला अँटिमनी हवंच, असं एका बाजूचं म्हणणं. नदीचं काय, असा दुसऱ्या बाजूचा प्रश्न. दोघांचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे.

बडा शिग्रीच्या खाली तर चंद्रा आहे. आणि तिच्या काठाने खाली खाली गावं आहेत, शेतं आहेत.

हे मी तुम्हाला बारवीच्या मुलांना सांगते आहे, कारण तुम्हाला ते इतरांपेक्षा लवकर कळेल. बारवी धरण १९७२ साली बांधून झालं. पुढे शहरं वाढली, कारखाने वाढले आणि धरणाची उंचीही टप्प्याटप्प्याने वाढवली. २०१९ साली ते वाढीव उंचीपर्यंत भरलं. आज त्यात सुमारे ३४ कोटी घनमीटर पाणी मावतं. उल्हासनगर, अंबरनाथ आणि आसपासच्या शहरांतले नळ, कारखान्यांतली यंत्रं या पाण्यावर चालतात. पण त्याच पाण्याखाली मुरबाड तालुक्यातल्या तोंडली, काचकोली, मोहघर यांसारख्या गावांची घरं, वावरं, झाडं गेली. कुणाचं अंगण गेलं तेव्हा आपल्या घरात नळ आला. धरण नको होतं असं मी म्हणत नाही; पाण्यावाचून लाखो माणसं राहणार कशी? पण पाणी पिताना हा रकाना आपल्या वहीत असावा, एवढंच.

म्हणून कुठल्याही खजिन्याबद्दल वाचलंत, की तीन प्रश्न विचारायची सवय लावा. आहे किती? काढता येईल का? आणि काढताना कुणाचं काय जाईल?

जवळची खाण

मग अँटिमनी आणायचं कुठून? बराच काळ आपण ते बाहेरून आणत आलो आहोत. एके काळी मुंबईत विक्रोळीला परदेशी खनिजापासून अँटिमनी तयार करणारा कारखाना होता. पण आणखी एक खाण आपल्या अगदी जवळ आहे: गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या. त्यांतलं शिसं आणि अँटिमनी वितळवून पुन्हा वापरता येतं आणि जगभर वापरलं जातंही. मात्र हे काम योग्य कारखान्यातच व्हायला हवं. उघड्यावर बॅटरी फोडली तर आम्ल सांडतं, शिशाची धूळ उडते आणि ती शेजारच्या मुलांच्या पोटात जाते. तेव्हा घरातली बॅटरी निकामी झाली, की नवी घेताना जुनी त्या दुकानातच परत द्यायची. बाबांना आठवण करायचं काम तुमचं.

सहलीनंतर चार दिवसांनी मी वर्गात हे सगळं सांगितलं. फळ्यावर भागाकार झाला. सोन्याचा प्रश्न विचारणारी मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने हात वर केला.

"बाई, म्हणजे तिकडे सुरमा आहे, तो बर्फाजवळ आहे. आणि आपल्याकडे सोनं नाहीच. पण पाणी आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.

"मग त्याच्याखाली गावं होती, त्यांची नावं पण फळ्यावर लिहा ना."

मी खडू उचलला.

करून पाहा

खनिजाची शीर कशी भरते, हे घरी पाहता येतं. मोठ्या माणसाला सोबत घ्या. पेलाभर कडकडीत गरम पाण्यात तुरटीची पूड चमच्याचमच्याने घालून ढवळा. विरघळायची थांबली की पूड घालणं थांबवा. वरचं स्वच्छ पाणी काचेच्या बरणीत ओता. पेन्सिलीला दोरा बांधून तो पाण्यात सोडा आणि बरणी न हलवता दोन-तीन दिवस ठेवा. पाणी थंड होईल तसतशी जास्तीची तुरटी बाहेर पडेल आणि दोऱ्याला स्फटिक लगडतील. दोरा म्हणजे खडकातली चीर, आणि तुरटीचं गरम पाणी म्हणजे पृथ्वीच्या पोटातलं पाणी. स्फटिक रोज मोजून वहीत लिहा. बरणीवर 'पिऊ नये' अशी चिठ्ठी चिकटवायला विसरू नका!